पन्नास किलोची बाई

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, रब्बीच्या ज्वारीनं गुडघा गाठला आणि हायवेच्या कडेनं बुटांची धपधप ऐकू यायला लागली की मी ओळखते, भरतीचा हंगाम आला. आमच्या चौसाळ्यात हंगाम तसे पुष्कळ. सोयाबीनचा, कापसाचा, लग्नांचा, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांचा. पण सकाळी दुकानाचं शटर वर करताना थंडीत तोंडातून वाफा सोडत पळणाऱ्या पोरी दिसल्या की माझ्या बरगड्यांत आपोआप गुदगुल्या होतात. हसू नका. तीन वर्षांमागं एका हिवाळ्यात मी रोज सकाळी एका पोरीच्या खांद्यावर पालथी पडून साठ मीटरचा प्रवास केलेला आहे.

ह्या वर्षीही दोघी जणी परवा दुकानात आल्या. शेंगदाणे घेतले, गूळ घेतला, आणि मग जायचं सोडून एकमेकींना कोपरानं ढोसत उभ्या राहिल्या. शेवटी त्यातली धीट होती ती म्हणाली, "अक्का, अग्निशामकच्या भरतीला पुतळा झालत्या त्या तुमीच का?"

"व्हय, मीच."

तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग हळूच पोत्यांच्या काट्याकडं पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. मी म्हणाले, "बाई गं, आता मी अठ्ठावन्न किलो हाय. माझ्यावर सराव केलास तर तू आग इझवायला न्हाई, थेट क्रेनच्या जागंवर लागशील." दोघी खिदळल्या. मी त्यांच्या ओंजळीत आणखी एकेक मूठ शेंगदाणे टाकले. त्या गेल्या तरी मी बराच वेळ काट्याकडं बघत बसले होते.

त्याच काट्याशी सगळं सुरू झालं. वनिता तेव्हा आमच्या दुकानात साखरेचा पन्नास किलोचा कट्टा न्यायला यायची. विकत नव्हे, उचलायला. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणाऱ्या तात्यांची ती मुलगी. तात्यांची साठ-सत्तर मेंढरं. आणि ही पोरगी लहानपणापासून त्यांच्यामागं डोंगर चढत-उतरत वाढलेली. पायात बळ, छातीत दम. रोज सकाळी यायची, कट्टा खांद्यावर टाकून दुकानामागच्या बोळातून चार फेऱ्या मारायची, कट्टा होता तिथं ठेवायची आणि जायची. आमचे हे म्हणायचे, "साखर फिरवून आणल्यानं गोड होत असती तर आपलं दुकान जिल्ह्यात पहिलं असतं."

एका सकाळी मात्र तिनं कट्ट्याला हात लावला नाही. गल्ल्यापाशी आली आणि तोंड बारीक करून विचारलं, "अक्का, तुमचं वजन किती हाय?"

"का गं? मला इकायचं हाय का?"

"न्हाई ओ. सांगा की."

बाईला वजन विचारणं म्हणजे तव्यावर पाणी टाकणं. पण तिच्या आवाजात असं काही होतं, की मी उठले आणि काट्यावर जाऊन उभी राहिले. लाल आकडे धावले आणि थांबले. एक्कावन्न किलो तीनशे ग्रॅम. चपला काढल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. पन्नास सहाशे. आमचे हे आतून चष्मा पुसत आले, वाकून आकडा वाचला आणि म्हणाले, "वा! वजनात खोट न्हाई!"

मग वनितानं सांगितलं. आदल्या भरतीत ती बाकी सगळ्यात पास झाली होती. धावली, दोरावर चढली, शिडी चढली, उंचावरून उडी मारली. शेवटी होता पुतळा. आगीत बेशुद्ध पडलेलं माणूस बाहेर काढता येतं का, हे बघायला माणसाएवढा, पन्नास किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन साठ मीटर पळायचं असतं. ठरलेल्या वेळात.

"कट्टा गुमान बसतोय खांद्यावर," ती म्हणाली. "पुतळ्याला हात-पाय हायत, अक्का. मुंडकं हाय. ते पाठीवर आपटतंय, पाय गुडघ्यात घालतंय. धा पावलं ऱ्हायलती निस्ती. सटकला."

"मंग आता परत दे की."

"ह्या बारीचं शेवटचं. फुडं वय बसत न्हाई."

ती रडली नाही. रडणाऱ्यातली नव्हतीच. लहानपणी त्यांच्या वस्तीवर कडब्याची गंजी पेटली होती. बीडहून बंब येईपर्यंत गंजी गेली, पण शेजारी कोंडलेली मेंढरं त्या माणसांनी वाचवली. तेव्हापासून हिनं ठरवलेलं. बाकीच्या पोरींना पोलीस व्हायचं, तलाठी व्हायचं. हिला एकच, बंबावर जायचं. आता ते सगळं शेवटच्या दहा पावलांवर येऊन थांबलं होतं, आणि तिला सरावाला माणूस हवं होतं. पन्नास किलोचं. बाईच हवी, कारण पुरुषमाणसाला खांद्यावर घेऊन पळाली असती तर गावानं भरतीआधी निकाल लावला असता. तिच्या मैत्रिणी काड्यांसारख्या, नाहीतर सत्तरच्या पुढच्या. सगळ्या पंचक्रोशीत नेमकी मीच मापात बसले.

मी हो म्हणाले. का म्हणाले ते आजही नीट सांगता येणार नाही. चाळिशी आली होती. दोन्ही मुलं शिकायला बाहेर होती. मी सकाळी शटर वर करायची, रात्री खाली ओढायची, आणि मधे तूरडाळ, खोबरं, साबण. कुणी येऊन तुझ्यावाचून अडलंय म्हणावं, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. डाळीवाचून अडतं लोकांचं, माझ्यावाचून कशाला अडेल?

आमचे हे म्हणाले, "आजवर दुकानातनं साखर गेली, गूळ गेला. बायको पैल्यांदाच चालली." पण बीडला गेले तेव्हा माझ्यासाठी ट्रॅकपँट घेऊन आले. निळी, बाजूनं पांढरा पट्टा. साडी नेसून उलटं लटकता येत नाही, हे त्यांना न सांगता कळलं, ह्याचं मला फार अप्रूप वाटलं. ती घालून पहिल्या दिवशी मी घराबाहेर पडले तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यानंसुद्धा मला ओळखलं नाही.

सराव गावामागच्या गायरानावर. आम्ही सुतळीचा गोळा नेला होता. दुकानातल्या मीटरपट्टीनं साठ वेळा मोजून गाठ मारलेली. एका टोकाला बाभळ, दुसऱ्या टोकाला दगडांचा ढीग. वनिता माझ्यापुढं गुडघ्यावर बसली, माझा हात मानेवरून ओढला, खांदा माझ्या पोटात घातला आणि "जय मल्हार" म्हणत उठली. माझे पाय जमिनीवरून सुटले.

ते जग मी विसरणार नाही. खाली तिच्या बुटांच्या टाचा, दवानं भिजलेली कुसळं, मेंढरांच्या लेंड्या, एखादा पळत सुटलेला सरडा. मान जरा वळवली की ज्वारीची शेतं वर टांगलेली आणि आभाळ त्यांच्याखाली पसरलेलं. बालाघाटाचे डोंगर छपराला चिकटलेले. लग्न झाल्यापासून ज्या गावात राहिले ते मी पालथं कधी बघितलंच नव्हतं. पालथं बघितल्यावर ते बरंच देखणं निघालं.

पहिल्याच दिवशी एक अडचण झाली. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग अंगावेगळं करायचं नाही, ही लहानपणापासूनची शिस्त. मी पालथी झाले तसं ते दोऱ्यासकट हनुवटीवरून घसरलं आणि माझ्या नाकापुढं डुलायला लागलं. मी घाबरून डाव्या हाताच्या मुठीत ते धरलं. उजव्या हाताला काहीतरी हवंच ना? त्यानं वनिताचा टी-शर्ट कमरेपाशी पकडला. त्या दिवसापासून ती बैठक ठरून गेली. एक हात देवाला, एक हात वनिताला.

सराव असा काही जमला की विचारू नका. आठ दिवसांत वनिता मला घेऊन साठ मीटर एका दमात जायला लागली. पंधरा दिवसांत वेळेच्या कितीतरी आत. मी खांद्यावरून पालथी पालथीच तोंडानं सेकंद मोजायची आणि मोठ्यानं ओरडायची. दगडांच्या ढिगाशी उतरलं की दोघी गूळ-शेंगदाणे खायचो. मला तर वाटायला लागलं, ही नोकरी आता वनिताच्या आणि माझ्या खिशात. गावात विचारलं कुणी तर मी तोऱ्यात सांगायची, "काय सांगायचं, पुतळा चांगला मिळाला की सगळं सोपं."

मग एक दिवस तात्या आले. मेंढरं घेऊन त्याच गायरानावर होते. काठीवर हनुवटी टेकून आमची फेरी बघत राहिले. आम्ही ढिगाशी पोचलो, मी उतरले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

"वने," तात्या म्हणाले, "ही काय तालीम हाय?"

"का ओ, तात्या?"

"तू अक्काला उचलायलीस, का अक्का तुझ्यावर चढायल्यात?"

मला राग आला. "तात्या, मी काय केलं?"

त्यांनी नुसती काठी उचलून माझ्या हाताकडं दाखवली. मी जमिनीवर उभी होते, तरी वनिताच्या टी-शर्टचा काठ माझ्या मुठीत होता.

तात्या बसले, चंचीतून पान काढलं. मेंढपाळाला बोलायची घाई नसते. चुना लावून झाल्यावर म्हणाले, "मेंढरू लंगडं असलं, पर जीव धरून असलं, तर ते खांद्यावर नीट बसतंय. आपल्याला बिलगतंय. तेच निपचित पडलं का, मोठा गडीबी वाकतोय. वजन तेवढंच असतंय, अक्का. पर धरलेलं येगळं अन् सोडलेलं येगळं. तिथं पुतळा काय हिला धरणार हाय का?"

वनिताचा चेहरा उतरला. आम्ही तीन आठवडे चुकीचं शिकत होतो. ती एका खांद्यानं उचलत होती आणि मी हातानं धरून तिला मदत करत होते, आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तशातली गत.

वनितानं माझं मनगट उचललं. "अक्का, सोडा हात."

"सोडला."

तिनं हात काढून घेतला. माझा हात तसाच हवेत. पाहुण्याला थांबा म्हणावं तसा. तात्या हसले, वनिता हसली, मग मीही हसले, पण आतून ओशाळले. हात सोड म्हटल्यावर हात सुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी घरी येऊन आरशापुढं दहा वेळा करून बघितलं. एकदाही पडला नाही.

पडेल कसा? त्या हाताला सवयच नव्हती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो काही ना काही धरून होता. दुधाचं पातेलं, मुलांची बोटं, किल्ल्या, तराजू, सासूबाईंच्या गोळ्यांची डबी. झोपेतसुद्धा माझी मूठ वळलेली असते, असं आमचे हे सांगतात. सगळं आपण धरलंय म्हणून चाललंय, असा एक समज बाईच्या हाडात असतो. मी तर तो समज घेऊनच वनिताच्या खांद्यावर चढले होते. ती मला उचलत होती आणि मी आपली तिलाच सावरत होते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांनी पहिली गाठ सोडवली. मी त्यांना लिंगाची अडचण सांगितली. त्यांनी माझ्या पोलक्याला आतून छोटा खिसा शिवला, वर बटण लावलं. म्हणाल्या, "देवाला खिशात नीट बसिव अन् हात मोकळे ठिव. देव काय पडायचा न्हाई. तूच पडशील." त्या वयाची बाई असं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. देव सुटला, पण दुसरा हात काही वनिताचा टी-शर्ट सोडेना. ती पळायला लागली की तो आपला गुपचूप जाऊन काठ पकडायचा. तिनं टी-शर्ट आत खोचला, तर मी तिचा पट्टा धरला. ती म्हणायची, "अक्का, तुमी बेशुद्ध हाव!" मी म्हणायची, "व्हय, हाय मी बेशुद्ध," आणि बोटं आणखी घट्ट.

दिवस जात होते. ज्वारी पोटऱ्यात आली. थंडी अशी की गायरानावर बोलताना दात वाजायचे. भरतीची तारीख जाहीर झाली आणि वनिताची धास्ती वाढायला लागली. एकदा दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली, "अक्का, ती धा पावलं मला सपनात दिसायलीत."  चूक माझ्या हातात होती, अक्षरशः माझ्या हातात, आणि मला ती सोडता येत नव्हती.

संक्रांत जवळ आली तशी दुकानात तीळ-गुळाला झुंबड. मी दमून गेलेली. त्या सकाळी वनितानं मला खांद्यावर टाकलं आणि चालता चालता माझी नक्कल करायला लागली. हुबेहूब माझा आवाज. "ओ मावशी, डाळ काय चाचपायल्या? लेकरू हाय का ते? घ्यायची तर घ्या, न्हाईतर टोपली कुरवाळून जावा!" आदल्या दिवशी मी खरंच हे बोलले होते. मला हसू फुटलं. उलटं लटकून हसणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. ते नाकातून येतं, डोळ्यांतून येतं, पोटात कळ येते आणि अंगातली सगळी ताकद निघून जाते. ती आणखी बोलत राहिली, मी आणखी हसत राहिले. आणि एकाएकी वनिता भेलकांडली. दोन पावलं तिरकी गेली, गुडघ्यावर आली आणि आम्ही दोघी दवात, कुसळांत आडव्या.

मला वाटलं तिचा पाय मुरगळला. मी उठून बघते तर ती उताणी पडून आभाळाकडं बघत ओरडत होती, "अक्का! आत्ता! आत्ता खऱ्या जड झाल्या तुमी!"

पडल्याचा इतका आनंद झालेली माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. अंगभर कुसळं टोचत होती आणि आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होतो. हसताना माझे हात सुटले होते. दोन्ही.

पुढचा महिनाभर आमचा सराव म्हणजे तमाशाच. वनिता रोज नवी नक्कल काढायची. आमच्या ह्यांची, तात्यांची, बँकेतल्या साहेबांची, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याची. मी हसायची, सैल पडायची, ती लडबडायची, पुन्हा उचलायची. तात्या लांबून सांगायचे, "घसरलं का पळू नगं, वने. थांब. बस. नीट घे, मंग ऊठ. घसरतं मेंढरू घिऊन पळणारा दोघांनाबी पाडतोय." ती थांबायला शिकली, मी सुटायला शिकले. आणि हळूहळू हसण्याचीही गरज उरली नाही. ती उठली की मी श्वास सोडायची आणि त्याच्याबरोबर खांदे, कोपरं, बोटं सगळं जायचं. दुकान कुणीतरी बघेल. दूध उतू गेलं तर जाईल.

मी सहा वर्षांची असताना कपिलधारच्या यात्रेत पायऱ्या उतरताना माझे पाय दुखले, तेव्हा माझ्या वडलांनी, अप्पांनी, मला खांद्यावर घेतलं होतं. त्यांच्या पाठीला घामाचा आणि विभूतीचा वास यायचा. त्यानंतर मला कुणी उचललं नाही. मोठ्या माणसाला कोण उचलतं? एकदा वाढलं की पुढं थेट चार खांद्यांवरच बसायचं, आणि तेव्हा ती मजा कळायला आपण नसतो. मला मधेच, चाळिशीत, फुकटात मिळाली. रोज साठ मीटर, आठ-दहा फेऱ्या. एखाद्या बाईला सोनं मिळालं तर ती मिरवते. मी हे मिरवते. खरंच सांगते, त्या हिवाळ्याइतकी हलकी मी आयुष्यात कधी नव्हते, आणि वनिताच्या मते इतकी जडही.

भरतीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मोठ्या शहरातलं मोठं मैदान. पोरींच्या छातीवर नंबर. मी बाहेर, तारेच्या जाळीला नाक लावून, बाकी आई-बापांच्या घोळक्यात. धावण्यात वनिता पहिल्या चौघींत आली. मेंढरांमागं पळालेल्या पोरीला मैदान म्हणजे अंगणच. दोरावर सरसर गेली. शिडीवर गेली. मग उंचावरून उडी. खाली माणसं गोल धरून उभी राहिलेली जाळी, वर कठड्यावर पोरी. हिच्या आधीची पोरगी वरच गोठली, तिला उतरवावं लागलं. वनिता कठड्यावर आली, खाली बघितलं आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" अशी आरोळी ठोकून दिली झोकून. जाळी धरणारे साहेब लोकसुद्धा हसले.

मग पुतळा. खाकी कापडाचा, आत वाळू भरलेला, तोंड नसलेला. त्याच्याकडं बघून माझ्या मनात काय आलं असेल? असूया. अख्खा हिवाळा ती जागा माझी होती.

शिट्टी झाली. वनितानं त्याला उचललं, उठली, निघाली. वीस मीटर. तीस. माझे ओठ सेकंद मोजत होते. पन्नास मीटरपाशी पुतळ्याचं मुंडकं डोललं आणि तो डावीकडं घसरायला लागला. मला दिसलं. अगदी तिथंच, मागच्या वेळच्यासारखं.

वनिता थांबली.

माझ्या शेजारी उभे असलेले कुणाचे तरी वडील हळहळले, "गेली. थांबली पोरगी."

"थांबली न्हाई," मी त्यांच्यावर खेकसले. "नीट घ्यायली ती!"

ती गुडघ्यावर बसली. सगळं मैदान तिच्याकडं बघत होतं आणि ती जणू गायरानावर एकटीच होती. खांदा खाली घातला, पुतळ्याचा हात ओढला, एकदा हलवून बघितलं, उठली. आणि मग जी सुटली! ती दहा पावलं मी मोजली. दहावं पाऊल रेषेच्या पलीकडं पडलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, तिच्या नंबरापुढं खूण केली आणि मान हलवली. वनितानं पुतळा ठेवला आणि दोन्ही हात वर केले. मी जाळीला धरून मोठमोठ्यानं रडत होते आणि ते मघाचे गृहस्थ घाबरून मला पाणी देत होते.

तात्यांना फोन मी केला. मागं मेंढरांच्या घंटा वाजत होत्या. "तात्या, झालं! झाली वनिता!"

"पडला न्हाई न्हवं?"

"न्हाई पडला."

त्यांनी मेंढरांना एक हाळी दिली. मग म्हणाले, "बरं झालं. ठिवतो. मेंढरू काट्यात शिरलंय." आम्ही परत आलो तेव्हा कळलं, कुठलं मेंढरू काट्यात शिरलं नव्हतं. त्या माणसानं घरात होता नव्हता तेवढा भंडारा आणून सगळ्या कळपावर उधळला होता. पुढं कितीतरी दिवस ती मेंढरं गायरानावर पिवळीधमक चरत होती.

वनिता नोकरीला लागली, शहरात गेली. सणाला येते, मला खांद्यावर घ्यायची धमकी देते. पहिली दोन वर्षं तिला गाडीवर गवत विझव, झाडावरचं मांजर काढ, विहिरीतला कुत्रा काढ, असंच मिळालं. परवा, त्या दोघी पोरी गेल्या त्याच दुपारी, तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावर काजळी, केस चिकटलेले, अंगावर गणवेश.

"अक्का, आज पैलं माणूस उचललं."

मी विचारलं, "कसं हाय ते?"

"बाई हाय. बरी हाय. आत्ता च्या पिली." तिसऱ्या मजल्यावर धूर भरला होता, बाई आतल्या खोलीत अडकलेली. वनितानं तिला खांद्यावर घेतलं आणि जिन्यानं खाली आणलं. सांगताना ती एकदम थांबली. "अक्का, आपलं चुकलंच की ओ."

"काय चुकलं गं?"

"ती निपचित न्हवती. तिनं मला हे असं धरलं, बघा." तिनं मोबाइल मानेपाशी नेला. नखांचे लालभडक ओरखडे, चांगले चार-पाच. "खाली आणली, सतरंजीवर ठिवली, तरी सोडंना. साहेब म्हणले, बाई, सोडा आता, वाचलाव तुमी. तरी न्हाईच."

"मंग काय केलंस?"

"काय करायचं? बसले तिथंच तिला घिऊन. तिनं सोडंस्तवर."

किती वेळ, मी विचारलं.  च्या येईपर्यंत, म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि साबूदाणा मागत होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. त्या अनोळखी बाईचे हात मला माझ्या हातांइतके ओळखीचे वाटत होते. आम्ही तीन महिने घाम गाळला तो न धरणाऱ्या माणसाला उचलता यावं म्हणून, आणि तो गाळायलाच हवा होता. पण धरून बसलेल्या माणसाजवळ थांबायचं, हे वनिताला कुणी शिकवलं नव्हतं. मी नाही, तात्यांनी नाही, आणि कुठल्या मैदानावर ते घड्याळ लावून तपासतही नाहीत. मला इतका आनंद झाला की गल्ल्यावर बसवेना. त्या दिवशी मी शटर दुपारीच खाली ओढलं आणि ज्वारीतल्या पायवाटेनं तात्यांच्या वस्तीकडं चालत निघाले. ही बातमी त्यांना फोनवर सांगायची नव्हती.